लुसोर्जूची धाबळी

विल्लासोरू,
६ मार्च १९८३

प्रिय बोनारिया वहिनींस,

रायमोंदाचा सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

इतक्या वर्षांनी नणंदेचं अक्षर पाहून तुम्ही पाकीट तसंच चुलीत घालणार नाही, या आशेवर लिहिते आहे. तोरिनोला चूल नसेल म्हणा, गॅस असेल. तरी पाकीट जळतंच.

इकडे सगळं ठीक. डावा गुडघा सोडला तर मीही ठीक. थंडी ओसरली, दादाच्या मेंढ्या त्याच्या भागीदाराने ठेवून घेतल्या, यंदा कोकरं भरपूर झाली म्हणतात. नोव्हेंबरात दादाच्या मातीला तुम्ही आला नाहीत, पण नाव न घातलेलं एक पुष्पचक्र आलं होतं. फुलवाल्याला मी विचारलंसुद्धा नाही. पांढऱ्या फुलांत एकही लिली नव्हती, आणि दादाला लिलीच्या वासाने शिंका यायच्या हे मला आणि तुम्हाला सोडून कोणाला ठाऊक असणार?

मी अजून शहरातल्या प्रयोगशाळेतच आहे. काचेच्या नळ्या धुण्यापासून सुरुवात केली, आता रक्त काढते, तपासते, आणि नवीन मुलींवर ओरडते. लग्न केलं नाही. आई गेल्याचं तुम्हाला कळलं असेलच. घर आता माझ्या एकटीचं. फाव्याच्या शेंगांना यंदा लवकर फुलं आली आहेत. खिडकी उघडली की वास आत येतो, म्हणून मी उघडत नाही.

पत्रास कारण असं, की तुमच्या व्हितालियाचं मला पत्र आलं. तुम्हाला न सांगता लिहिलंय, तेव्हा तिला रागावू नका. एप्रिलअखेर दिवस भरतात म्हणते. लिहिते, “आत्या, आपल्या घरात सगळी मुलं ज्या पांढऱ्या धाबळीत बाप्तिस्म्याला गेली, ती मला पाठव. बाबा नाहीत, निदान त्यांच्या घरची लोकर तरी बाळाच्या अंगाला लागू दे.” मुलगी तीन वर्षांची असताना तुम्ही तिला घेऊन बोटीत बसलात. अक्षर मात्र थेट दादाचं आहे, उजवीकडे पडणारं, वारा लागल्यासारखं.

तिला सांगा की धाबळी कसरीने खाल्ली. पार चाळण झाली आहे, पाठवण्याच्या लायकीची नाही. मी तिला तिकडेच नवी घ्यायला पैसे पाठवते.

आणखी एक. बाळ जन्मल्याबरोबर त्याच्या टाचेतून एक थेंब रक्त घेऊन तपासायला सांगा. आमच्याकडे आता सगळ्यांचंच करतात, तिकडे बहुतेक मागावं लागेल. विशेष काही नाही. मी या कामात आहे म्हणून सुचलं, इतकंच.

तब्येतीला जपा.

आपली,
रायमोंदा

•

विल्लासोरू,
२२ मार्च १९८३

बोनारिया वहिनींस,

नमस्कार.

तीनदा फोन केला. दोनदा तुम्ही “कोण?” म्हणालात, मी “रायमोंदा” म्हटलं, आणि तुम्ही फोन ठेवलात. तिसऱ्यांदा तुम्ही “कोण?”सुद्धा म्हणाला नाहीत. म्हणून व्हितालियाला तार केली. त्यावर तुमचं कार्ड कालच मिळालं. ते समोर ठेवूनच लिहिते आहे.

तुम्ही लिहिलंय: “तुझी तार आली. ‘बाबांनी पाठवलेले सदरे बाळाला घालू नकोस.’ पोटुशी मुलगी घाबरून रडते आहे. आधी धाबळी कसरीने खाल्ली म्हणतेस, मग बापाने पाठवलेले सदरे घालू नको म्हणतेस. मेलेल्या माणसाशीसुद्धा तुमच्या घरच्यांचं वैर संपत नाही का? सदरे मी साबण लावून उकळलेत. कारण असेल तर सांग, नाहीतर आमच्या वाटेला पुन्हा जाऊ नकोस.”

कारण सांगते. पण आधी एक करा. ते सदरे घरातून बाहेर काढा. उकळून भागत नाही. व्हितालियाला शिवू देऊ नका, ट्रंकेत ठेवू नका, कोणा गरिबाला देऊ नका. जाळा. मग पुढचं वाचा. मी थांबते.

तुम्हाला पत्र टाकल्यावर मी धाबळीची पेटी उघडली. उघडायला नको होती, मी ती वर्षातून एकदाच, मेमध्ये, श्वास रोखून उघडते. धाबळी होती तिथेच होती. कसरीचा एक दातही तिला लागलेला नाही, मी खोटं लिहिलं होतं. पण तिच्याखालचे चार लहान सदरे नव्हते. दादाच्या कोटाच्या खिशात टपालाची पावती सापडली: तोरिनो, पार्सल, १२ ऑक्टोबर. नातवंडाची चाहूल लागल्याबरोबर मला न विचारता तो पेटीपाशी गेला असणार. इतक्या वर्षांत लेकीला त्याने पाठवलेली ही पहिली वस्तू. आणि नेमकी ही.

वहिनी, त्या पेटीत डांबराच्या गोळ्या आहेत.

एवढ्याने तुम्हाला काही कळणार नाही. मलाही नऊ वर्षं कळलं नव्हतं.

तुमच्या माहेरी फाव्याचा आजार, हे लग्न ठरतानाच सगळ्यांना ठाऊक होतं. तुमचा भाऊ लहानपणी मूठभर ओल्या शेंगा खाऊन पिवळाधमक पडला होता आणि जेमतेम वाचला. म्हणून व्हितालियाच्या पाठच्या लुसोर्जूच्या वेळी तुम्हाला सातवा लागला तेव्हाच आईने परसातला फाव्याचा वाफा खणून काढला. बाळ झाल्यावर शेजारच्या शेताकडची खिडकी ओल्या चादरीने बंद केली, फुलांचा वारासुद्धा आत यायला नको म्हणून. आणि मला, सतरा वर्षांच्या घोडीला, तुमच्या घरी पहाऱ्यावर बसवलं. “हिच्या तोंडाकडे बघत राहा. पाजणारी बाई शेंग खाते आणि दुधातून पोराला बाधते. डोळ्यांत तेल घालून बघ.” तुम्हाला ते माहीत होतं. एकदा पाव चावताना तोंड उघडून तुम्ही मला जीभ दाखवली होती. “बघ गं शिपाईदादा, शेंग नाही.” आपण दोघी किती हसलो होतो!

सगळ्या गावाचे डोळे तुमच्या तोंडावर. पेटीकडे कोण बघणार?

ती पेटी माझ्या ताब्यात होती. आईच्या काळी तिच्यात लव्हेंडर आणि मिर्ताची वासाची पानं असायची. व्हितालियाच्या बाप्तिस्म्यानंतर धाबळीला दोन भोकं पडली आणि आईने माझा उद्धार केला. मग मी फेरीवाल्याकडून डांबराच्या गोळ्या आणल्या. नवीन वस्तू, शहरातली. एका पेटीला चार पुरतात असं तो म्हणाला. मी दोन मुठी घातल्या. भोकं मीच रफू केली, तीही अशी की शोधून सापडू नयेत.

पाच एप्रिलला लुसोर्जू आठ दिवसांचा झाला. रिवाजाप्रमाणे तुम्ही खाटेवरच. मी त्याला न्हाऊ घातलं, ऑलिव्हचं तेल लावलं, चांगलं चोळून चोळून, मांड्यांच्या वळ्यांत, मानेखाली. त्या चारांतला एक सदरा घातला. मग धाबळी काढली आणि त्याला तिच्यात गच्च गुंडाळलं. चर्चमध्ये पाद्रीसुद्धा शिंकला आणि म्हणाला, “व्वा, मुलगा तर औषधाच्या दुकानातून आलाय!” सगळे हसले. मीही हसले. घरी आल्यावर धाबळी काढावी असं कोणालाच वाटलं नाही. शुभ वस्तू. तो तीन दिवस तिच्यातच होता.

आठ तारखेला त्याचा लंगोट मी धुतला तेव्हा तो काळ्या कॉफीसारखा होता. डोळे पिवळे. दहा तारखेला तो गेला. हे तुम्हाला मी काय सांगणार.

आता मी जे मूग गिळून बसले होते ते.

आईने मला मागच्या अंगणात नेलं आणि दोन्ही खांदे धरून विचारलं, “खाल्ल्या ना तिने शेंगा? तू बघत होतीस ना?” वहिनी, मी बघत नव्हते. सहा तारखेची सगळी दुपार मी वाण्याच्या दुकानात रेडिओ ऐकत बसले होते. आईने ते ओळखलं तर चामडी सोलेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी म्हटलं, “हो. एप्रनच्या खिशात सालं होती.”

नव्हती. तुमच्या एप्रनच्या खिशात त्या दिवशी काय होतं ते मला माहीतही नाही. मी तो खिसा पाहिलाच नव्हता.

एक “हो”. दुसऱ्या दिवशी गावाला कळलं. त्या शनिवारी पावाच्या विरजणाचा, दारोदार फिरणारा आंबलेल्या कणकेचा गोळा मिंतोनिया काकूच्या घरातून निघाला आणि तुमचं दार ओलांडून पुढे गेला. त्याच्या पुढच्या शनिवारीही. आपल्या गावात ज्या दारात तो गोळा थांबत नाही त्या घराची चूल धगधगत असली तरी थंडच म्हणायची. तुम्ही दारात उभ्या राहून विचारत होतात, “अगं, मी काय केलं?” आणि बायका डोक्यावरच्या टोपल्या सांभाळत पुढे जात होत्या. दादा तुमच्याशी बोलेना. तुम्ही बारा वेळा शपथ घेतलीत, आणि बाराही वेळा तो माझ्याकडे बघायचा. ऑक्टोबरात तुम्ही गेलात.

सहासष्ट साली मी प्रयोगशाळेत लागले. अडुसष्ट साली डॉक्टर उसाई नावाचे एक तरुण गृहस्थ आले आणि फाव्याच्या आजाराची तपासणी सुरू झाली. रक्ताचा थेंब औषधात कालवून कागदावर टाकायचा, वाळू द्यायचा, आणि अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली धरायचा. निरोगी माणसाचा थेंब निळसर चमकतो. तुमच्या भावासारख्यांचा चमकत नाही. कागदावर तीस-चाळीस थेंब लुकलुकत असतात आणि मध्ये दोन-तीन काळी भोकं.

मी विचारलं, यात नसतं तरी काय? ते म्हणाले, एक विकर. माझा चेहरा पाहून हसले आणि म्हणाले, “धनगराची पोर ना तू? चीज लावताना दुधात काय घालता?”

“दूधपित्या कोकराच्या जठराचा लगदा. चिमूटभर.”

“चिमटीने कढईभर दूध धरतं. पण तो लगदा संपतो का? नाही. काम करून पुन्हा मोकळा. बरं, तोच लगदा द्राक्षाच्या रसात घातलास तर?”

“काही होणार नाही. त्याला रसाचं काय?”

“हेच. त्याला दुधातली एकच गोष्ट ओळखता येते, तिच्याशीच त्याचं जमतं, आणि तिचं काम तो असं चटकन उरकतो, की एरवी ते व्हायला युगं लागतील. शरीरात असे हजारो कारागीर आहेत. रक्ताच्या एकेका पेशीत कितीतरी. एकाचं काम दुसऱ्याला येत नाही, शेजाऱ्याच्या घरी आग लागली तरी येत नाही. फाव्याच्या आजारात त्यातला एकच दुबळा असतो, पेशीला आतून जळू न देणारा. एरवी त्याची उणीव भासत नाही. माणूस नांगर धरतो, लग्न करतो, म्हातारा होतो. पण शेंगांतलं विष रक्तात आलं की हाक त्यालाच जाते. त्याच्याने होत नाही, आणि बाकीचे हजार नुसते बघत राहतात. पेशी फुटायला लागतात.”

मी म्हटलं, म्हणजे फक्त शेंगा.

“शेंगा, मलेरियाच्या काही गोळ्या,” ते नळी पुसत म्हणाले, “आणि डांबरगोळ्या. ग्रीसमध्ये तान्ही पोरं गेली आहेत, पेटीतल्या कपड्यांत गुंडाळलेली. अंगाला तेल असेल तर वाफ आणखी लवकर आत शिरते.”

माझ्या हातातला कागद खाली पडला नाही, मी किंचाळलेही नाही. मी तो कागद सरळ धरून ठेवला आणि काळी भोकं मोजली. दोन होती.

नंतर मी त्यांना सगळं सांगितलं, दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट म्हणून. त्यांनी विचार करून सांगितलं, “नव्याण्णव टक्के धाबळीच. पण अशी बाळं कधीकधी नुसत्या जन्माच्या काविळीनेही जातात, तेव्हा शंभर म्हणणार नाही.” वहिनी, त्या एका टक्क्यावर मी पंधरा वर्षं काढली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, मी त्या काडीवर घर बांधून राहिले.

पण घरात लुसोर्जू होता. धाबळी मी जाळू शकले नाही. दरवर्षी तिला उन्हात घालते आणि दरवर्षी ती मला लोकरीपेक्षा जड लागते. मी ती कधी सपाट घडी घालून ठेवते, आणि पुढच्या मेमध्ये ती मध्ये फुगलेली असते, आत कोणी गुडघे पोटाशी घेऊन निजल्यासारखी. मला कळतं की हे लोकरीचं फुगणं आहे. मी शिकलेली बाई आहे. तरी मी ती उलगडताना डोकं वर राहील अशी धरते. अंधाऱ्या खोलीत थेंब चमकतात, आणि जो चमकत नाही तो माझ्याकडे बघतो. प्रत्येक कागदावर. पंधरा वर्षं, रोज. कधी हातांना त्या गोळ्यांचा वास येतो, आणि मी शेजारच्या मुलीला विचारते, “येतोय का गं?” ती म्हणते, “कसला?”

दादाला दवाखान्यात नेलं तेव्हा शेवटच्या आठवड्यात त्याने मला जवळ बोलावलं. “राई, तू ती सालं खरंच पाहिली होतीस?” मी त्याची उशी नीट केली. म्हटलं, “बोलू नकोस, दम लागतो.” तो माझ्याकडे बघतच राहिला आणि मग भिंतीकडे वळला. मला वाटतं, त्याला कळलं. पण मी तोंडाने सांगितलं नाही. ते सांगणं त्याच्या हक्काचं होतं आणि मी ते त्याला दिलं नाही.

हे मी आता तरी का सांगते आहे ते उघड आहे. व्हितालियात तो आजार उतरला असेल आणि तिला मुलगा झाला, तर तो त्याच्यात असण्याचा संभव निम्मा आहे. तो तुमच्या रक्तातून तिच्यात आणि तिच्यातून त्याच्यात जातो. बायकांना सहसा बाधत नाही, म्हणूनच व्हितालिया वाचली असं मी इतकी वर्षं समजत होते. खरं म्हणजे तिच्या वेळी पेटीत मिर्ताची पानं होती. रक्त तुमचं, त्यात तुमचा दोष नाही. तुमचे डोळे काळे आहेत त्यात जेवढा, तेवढाच. गोळ्या माझ्या.

तिकडच्या डॉक्टरांसाठी सोबत चिठ्ठी जोडली आहे, डॉक्टर उसाईंच्या सहीची. ती नक्की द्या. माझ्यावरच्या रागाने ती फाडू नका. राग ठेवायला पाकीट आहे, हे पत्र आहे, मी आहे.

तुम्ही शेंगा खाल्ल्या नव्हत्या, वहिनी. मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.

तुमची नणंद म्हणवून घ्यायची लाज वाटणारी,
रायमोंदा

•

विल्लासोरू,
१७ मे १९८३

बोनारिया वहिनींस,

साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र येऊन दोन आठवडे होत आले. पहिले दोन दिवस उघडलं नाही. पंधरा वर्षं दुसऱ्यांची रक्तं बिनदिक्कत तपासणाऱ्या बाईने ते पाकीट पेटीवर उपडं ठेवलं.

मुलगा. तीन किलो दोनशे. आणि थेंब चमकला नाही.

ते वाक्य मी तीनदा वाचलं. मग पुढे वाचलं, की त्याला नवी सुती कापडं घातली, डॉक्टरांनी चिठ्ठी वाचून दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवलं, किंचित पिवळा झाला होता तो उतरला, आता रग्गड पितो आणि व्हितालियाला झोपू देत नाही. पुढचा अर्धा तास मी काय केलं ते आठवत नाही. शेजारीण सांगते, मी मोठमोठ्याने रडत होते आणि तिला वाटलं, आता माझ्या घरी कोण उरलंय मरायला?

तुम्ही मला एक काम सांगितलंत. “माझ्याजवळ कबुली देऊन काय उपयोग? मी माझी निर्दोष आहे हे मला आधीपासून ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना सांग.” बरोबर आहे. गेल्या शनिवारी मिंतोनिया काकूच्या भट्टीवर पाव भाजायला सात जणी होत्या. त्यातल्या चौघी त्या वेळच्या. मी कणकेचे हात तसेच ठेवून सगळं सांगितलं, वाण्याच्या दुकानातल्या रेडिओपासून उशीपर्यंत.

पाव करपायला लागला तरी कोणी फावडं उचलेना. मग मिंतोनिया काकू, आता त्र्याऐंशीची आहे, म्हणाली, “म्हणजे मी त्या पोरीचं दार उगाच ओलांडलं.” आणि मला म्हणाली, “तू आता ऊठ. तुझ्या हातची कणीक मला नको.” मी उठले. या शनिवारी गोळा माझ्या दारात आला नाही. मी तक्रार करत नाही, वहिनी, कळवते आहे. दार किती वेळ उघडं ठेवून बसावं लागतं ते मला आता कळलं. मी दीड तास बसले होते. तुम्ही सहा महिने.

धाबळी मी जाळली. मागच्या अंगणात, दिवसाढवळ्या. लोकर लवकर पेटत नाही, नुसती आक्रसते. वास गावभर गेला. घर आता फार रिकामं आहे. लुसोर्जू गेला म्हणावं, तर अजून दोनदा पेटीपाशी जाऊन आले, का ते सांगता येत नाही.

आता तुमच्या पत्राची शेवटची ओळ. तिला उत्तर द्यायचं म्हणून बाकीचं सगळं आधी लिहून टाकलं.

तुम्ही विचारलंय: “त्या सकाळी तू त्याला न्हाऊ घालत होतीस तेव्हा मीच म्हणाले होते ना, पोराला थंडी वाजतेय, धाबळी काढ? मला माझाच आवाज ऐकू येतो. तुझं पत्र आल्यापासून रोज ऐकू येतो. मला वाचवायला तू ते गाळलं असशील. खरं सांग.”

त्या खोलीत तिघं होतो. एक गेला. उरलेल्या दोघींत एक तापाने फणफणलेली होती, म्हणजे साक्षीदार मी एकटीच. पुन्हा मीच. मी “हो” म्हटलं तर तुम्ही ते कायमचं खरं मानाल. आणि खोटं कशाला बोलू, तुमचं पत्र हातात घेऊन काल दुपारभर माझ्या मनात ते “हो” येऊन बसलं होतं. अर्धं ओझं उचलायला तुम्ही आपण होऊन हात पुढे केला होता. नुसती मान डोलवायची होती. दादा म्हणायचा तसं, राईला हो म्हणायला काय लागतं.

नाही, वहिनी. तुम्ही थंडीचं नाव काढलं नाहीत. तुम्ही पाणी मागितलंत. ओठ सुकले होते, दोनदा मागितलंत. मी “आणते” म्हटलं आणि पेटीकडे धावले, कारण मला ती धाबळी सगळ्या बायकांना दाखवायची होती, एकही भोक नसलेली, माझ्या हातची. पाणी आणायचं राहून गेलं. बाळाला थंडी वाजत नव्हती. खिडकीतून ऊन खाटेपर्यंत आलं होतं आणि तो उघडाच, हातपाय हलवत, मजेत पडला होता.

त्या दिवशी तुम्हाला पाणी न दिलेली,
रायमोंदा